वेबसाईट खरंच बंद आहे का? घरबसल्या आणि जगभरातून कसे तपासावे



दहावी-बारावीचा निकाल, शिष्यवृत्तीचा अर्ज, अकरावी प्रवेशाची फेरी, आरटीईची सोडत. निमित्त कोणतंही असो, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो : "सर, साईट ओपन होत नाही." त्यामागोमाग "इकडेपण नाही", "माझ्याकडे झाली", "सर्व्हर डाऊन आहे" असे दहा मेसेज. आणि थोड्याच वेळात कुणीतरी "ही नवीन लिंक वापरा" म्हणून भलतीच लिंक फॉरवर्ड करतं.

या गोंधळात खरा प्रश्न बाजूलाच राहतो. साईट बंद आहे हे ठीक, पण कुणासाठी बंद आहे? फक्त माझ्यासाठी, माझ्या गावासाठी, भारतासाठी की सगळ्या जगासाठी? याचं उत्तर मिळालं की पुढे काय करायचं ते ठरतं. सगळ्यांसाठी बंद असेल तर शांतपणे वाट पाहायची. फक्त आपल्यासाठी बंद असेल तर वाट पाहत बसणं म्हणजे अर्जाची मुदत हातची घालवणं. आजच्या पाठात हे तपासायचं कसं ते पाहू. संगणकाचं विशेष ज्ञान लागत नाही.

१. साईट उघडते म्हणजे नेमकं काय होतं?

पोस्टमनचं उदाहरण घेऊ. पत्र पोहोचायला चार गोष्टी जमून याव्या लागतात : पत्ता सापडला पाहिजे, रस्ता चालू पाहिजे, दार उघडलं पाहिजे आणि आतल्या माणसाने उत्तर दिलं पाहिजे.

पत्ता : आपण साईटचं नाव टाइप करतो, पण संगणकांना नाव कळत नाही, आकडे कळतात. नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. ही इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरीच समजा.
रस्ता : आपला मोबाईल टॉवर किंवा वायफाय, तिथून कंपनीचं जाळं, आणि साईट परदेशात असेल तर समुद्राखालची केबल.
दार : साईट ज्या संगणकावर ठेवली आहे तो सर्व्हर. तो चालू हवा आणि आपल्याला आत घ्यायला तयार हवा.
माणूस : सर्व्हरवरचा प्रोग्रॅम आणि त्यामागची माहिती. सर्व्हर चालू आहे, पण निकालाचा तक्ताच सापडत नाही, असंही होतं.

चारपैकी काहीही बिघडलं तरी आपल्या तोंडी एकच वाक्य येतं, "साईट बंद आहे." डॉक्टरांकडे जाऊन नुसतं "बरं नाही" म्हणण्यासारखंच हे. म्हणून आधी दुखतंय कुठे ते शोधायचं.

२. पहिली दोन मिनिटं आपल्या घरातली

(अ) दुसरी एखादी साईट उघडून पाहा. रोजची नको, आज न उघडलेली घ्या. रोजच्या साईटचं पान फोनने आधीच साठवून ठेवलेलं असू शकतं, त्यामुळे नेट बंद असतानाही ते दिसतं आणि फसगत होते.

(आ) नेट बदला. वायफायवर असाल तर मोबाईल डेटावर या. जमल्यास दुसऱ्या कंपनीचं सिम वापरा. इथे एक बारकावा आहे. गावातल्या पाच जणांनी "आमच्याकडेपण बंद" असं सांगितलं आणि पाचही जण एकाच कंपनीच्या एकाच टॉवरवर असतील, तर ते पाच पुरावे नव्हेत, एकच पुरावा पाच वेळा मोजलेला आहे. दुसऱ्या कंपनीच्या सिमवरचा एकटा माणूस जास्त उपयोगी पडतो.

(इ) ब्राउझरमध्ये इनकॉग्निटो खिडकी उघडून तिथे साईट टाकून पाहा. जुनी साठवण आणि जुनं लॉगिन त्या खिडकीत वापरलं जात नाही.

(ई) नाव पुन्हा वाचा. एखादं अक्षर चुकलं किंवा शेवटचं 'डॉट इन' ऐवजी 'डॉट कॉम' झालं तरी पत्ता बदलतो.

(उ) संगणकाची तारीख पाहा! शाळेतल्या जुन्या संगणकाच्या आतली छोटी बॅटरी संपली की यंत्र सुरू होताना तारीख काही वर्षं मागे जाते. सुरक्षित साईटचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांपुरतंच वैध असतं. चुकीच्या तारखेमुळे ब्राउझरला ते खोटं वाटतं आणि "तुमचं कनेक्शन खाजगी नाही" अशा अर्थाचा इशारा येतो. साईट ठणठणीत असते, आपलं कॅलेंडर आजारी असतं. तारीख दुरुस्त केली की काम होतं. मात्र तारीख बरोबर असूनही हा इशारा आला, तर तिथे पासवर्ड किंवा बँकेची माहिती भरू नका.

३. पडद्यावरचा मेसेज वाचा

आपण इंग्रजी मेसेज दिसला की पान बंद करतो. खरं तर रोगाचं नाव तिथेच लिहिलेलं असतं.

'एनएक्सडोमेन' असा शब्द दिसला : या नावाचा पत्ताच सापडला नाही. बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलेलं असतं.
'टाइम्ड आऊट' : हाक मारली, पण वेळेत उत्तर आलं नाही. रस्त्यात अडचण आहे किंवा सर्व्हरवर गर्दी आहे.
'रिफ्यूज्ड' : यंत्रापर्यंत पोहोचलो, पण दार लावलेलं आहे.

कधी मेसेजऐवजी तीन आकडी संख्या येते. तिचा पहिला अंक सर्वात महत्त्वाचा. २ ने सुरू होणारी म्हणजे सगळं ठीक. ३ म्हणजे पान दुसरीकडे हलवलं आहे. ४ म्हणजे आपण जे मागितलं त्यात अडचण आहे. ५ म्हणजे सर्व्हरच्या बाजूने अडचण आहे.

४०४ : हे पान इथे नाही. लक्षात घ्या, हे सांगायला सर्व्हर जागा आहे! म्हणजे साईट सुरू आहे, लिंक जुनी किंवा चुकीची आहे. मुख्य पानावरून शोधत जा.
४०३ : पान आहे, पण तुम्हाला पाहायची परवानगी नाही.
४२९ : तुम्ही थोड्या वेळात फार वेळा मागणी केली. जरा थांबा.
४५१ : कायदेशीर कारणाने दाखवता येत नाही. पुस्तकं जाळणाऱ्या समाजाची गोष्ट सांगणारी रे ब्रॅडबरी यांची 'फॅरनहाइट ४५१' ही कादंबरी या आकड्यामागे आहे.
५०० : आतला प्रोग्रॅम बिघडला.
५०२ आणि ५०४ : पुढचा सर्व्हर जागा आहे, पण मागच्याकडून त्याला नीट किंवा वेळेत उत्तर मिळत नाही.
५०३ : सध्या काम झेपत नाही, नंतर या. निकालाच्या दिवशी हा पाहुणा येतोच.

सोपं सूत्र सांगायचं तर, ४ दिसला की आपली लिंक आणि लॉगिन तपासा, ५ दिसला की थांबा.

४. बाहेरून तपासणी : जगाच्या डोळ्यांनी

आता मुख्य भाग. आपण घरात बसून साईट दुबईत उघडते का, हे कसं पाहणार? त्यासाठी काही मोफत साईट्स आहेत.

पहिला प्रकार : 'डाऊन फॉर एव्हरीवन ऑर जस्ट मी' यासारख्या साईट्स. तिथे फक्त साईटचं नाव टाकायचं. ती तिच्या संगणकावरून हाक मारून पाहते आणि "सगळ्यांसाठी बंद" की "फक्त तुमच्यासाठी" ते सांगते.

दुसरा प्रकार : 'चेक-होस्ट' यासारख्या साईट्स. या वेगवेगळ्या देशांतल्या संगणकांवरून एकाच वेळी तपासतात आणि कोणत्या शहरातून उत्तर आलं, किती वेळात आलं, याची यादी दाखवतात. इथे 'एचटीटीपी' तपासणी निवडा, म्हणजे प्रत्यक्ष पान मिळतं का ते कळेल.

तिसरा प्रकार : 'डाऊनडिटेक्टर'. ही साईट मुख्यतः लोकांच्या तक्रारी मोजते. आलेख अचानक उंच गेला तर बऱ्याच लोकांना त्रास होतोय हे समजतं. मोठ्या, लोकप्रिय सेवांसाठी ती चांगली. तालुक्यापुरत्या साईटबद्दल तिथे कुणी तक्रारच करणार नाही, म्हणून आलेख सपाट राहील. सपाट आलेख म्हणजे साईट सुरू, असं समजू नका.

चौथा प्रकार : मोठ्या कंपन्यांचं स्वतःचं 'स्टेटस' पान. त्यावर वेळ बऱ्याचदा यूटीसी म्हणून दिलेली असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. तिथे १५:४० लिहिलं असेल तर आपल्याकडे रात्रीचे ९ वाजून १० मिनिटं.

या साईट्स वापरताना एक पथ्य पाळा. तपासणीसाठी फक्त साईटचं नाव लागतं. बैठक क्रमांक, आधार, पासवर्ड यातलं काहीही मागितलं किंवा ॲप डाऊनलोड करा म्हटलं, तर लगेच बाहेर पडा.

५. पिंग : एक छोटी हाक

संगणक असेल तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंग हा शब्द इंग्रजीत टाइप करून एक जागा सोडा आणि साईटचं नाव लिहा. संगणक चार वेळा हाक मारतो आणि प्रत्येक वेळी उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दाखवतो. हा छोटासा प्रोग्रॅम माईक म्यूस यांनी १९८३ साली लिहिला. पाणबुड्या सोनारचा आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून हे नाव आलं.

इथे गणिताचा सुंदर तास होतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २,००,००० किमी जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,५०० किमी. जाऊन-येऊन २५,००० किमी. भागाकार केला तर ०.१२५ सेकंद, म्हणजे १२५ मिलिसेकंद. तुमची पिंग यापेक्षा जास्तच येईल, कारण केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत थांबे असतात. यापेक्षा बरीच कमी आली तर? त्याचा अर्थ उत्तर न्यूयॉर्कहून आलंच नाही, जवळच्या सर्व्हरवरून आलं. मुलांना हा तर्क फार आवडतो.

मात्र काही सर्व्हर सुरक्षेसाठी पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. त्यामुळे पिंगचं उत्तर आलं तर यंत्र जागं आहे हे नक्की, पण उत्तर नाही आलं म्हणून ते बंद आहे असं ठरत नाही.

६. तीन खऱ्या घटना, तीन वेगळी कारणं

३० जानेवारी २००८ : इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या. भारत आणि आखाती देशांतलं इंटरनेट मंदावलं. अमेरिकेतल्या साईट्स तिकडे व्यवस्थित सुरू होत्या. इथे तुटला होता तो रस्ता.

८ जून २०२१ : फास्टली नावाच्या कंपनीच्या सेवेत बिघाड झाला आणि ब्रिटन सरकारची साईट, गार्डियन, न्यूयॉर्क टाइम्स अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या साईट्स एकदमच कोलमडल्या. अशा कंपन्या साईटच्या प्रती जगातल्या अनेक शहरांत ठेवतात, म्हणजे वाचकाला पान जवळून मिळतं. एखाद्या दुकानाच्या गावोगावच्या शाखाच म्हणा. मुख्य दुकान ठीक होतं, शाखा बंद पडल्या. साधारण तासाभरात बहुतेक साईट्स परत आल्या.

४ ऑक्टोबर २०२१ : रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम एकदम गेले, ते सुमारे सहा तास. अनेकांनी फोन बंद-चालू केले, ॲप काढून पुन्हा टाकलं. यंत्रं जागेवरच होती. देखभालीच्या वेळी कंपनीच्या अंतर्गत जाळ्यात चूक झाली आणि फेसबुककडे जायची वाट दाखवणारी माहितीच इंटरनेटवरून नाहीशी झाली. त्यामुळे पत्ता विचारला तरी सांगणारं कुणी पोहोचेना. ही बाब जगभराची होती. ज्यांनी पाच मिनिटं तपासणी केली ते निवांत झोपले.

७. इकडे सुरू, तिकडे बंद

साईट चालू असूनही काही देशांत उघडत नाही, हा प्रकार वेगळा. २५ मे २०१८ पासून युरोपात माहितीच्या गोपनीयतेचा नवा कायदा लागू झाला, तेव्हा लॉस एंजेलिस टाइम्स, शिकागो ट्रिब्यून अशा अमेरिकी वृत्तपत्रांनी युरोपातल्या वाचकांसाठी आपलं दारच लावून घेतलं. अमेरिकेत ती साईट छान उघडत होती.

भारतातल्या काही सरकारी साईट्सही सुरक्षेसाठी परदेशातून उघडू दिल्या जात नाहीत. त्याचे दोन परिणाम होतात. परदेशी असलेले पालक किंवा तिकडच्या मराठी शाळांतले शिक्षक "साईट बंद आहे" म्हणतात, तेव्हा ते खोटं बोलत नसतात आणि आपणही नसतो. दुसरं म्हणजे, चेक-होस्टवर सगळ्या परदेशी शहरांपुढे लाल खूण दिसली तरी ती साईट भारतात व्यवस्थित सुरू असू शकते. अशा वेळी देशातल्याच दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या कंपनीचं नेट वापरणाऱ्या नातेवाइकाला फोन करणं हीच उत्तम तपासणी.

८. आपण पाठवलेली लिंक

आपण शिक्षकही आता साईट, ड्राइव्हवरच्या फाइल आणि फॉर्म बनवतो. "माझ्याकडे तर उघडतंय!" हे आपलं ठरलेलं उत्तर. पण ते काहीच सिद्ध करत नाही, कारण आपण आधीच लॉगिन केलेले असतो. ज्याच्या हातात किल्ली आहे त्याला दार नेहमी उघडंच वाटतं.

म्हणून लिंक पाठवण्याआधी ती इनकॉग्निटो खिडकीत उघडून पाहा. परवानगी मागितली, तर शेअरिंगमध्ये 'लिंक असलेला कुणीही' हा पर्याय निवडा. शाळेच्या ई-मेलवरून फॉर्म बनवला असेल, तर तो फक्त त्या संस्थेच्या खात्यांपुरताच ठेवलेला नाही ना, हेही पाहा. मुलांची नावं, गुण, फोटो असलेली फाइल मात्र सगळ्यांसाठी खुली करू नका. तिथे बंद दारच बरं.

९. शेवटच्या तारखेला साईट उघडली नाही तर

पालकांनी हा भाग मुलांसोबत बसून वाचावा.

(अ) साईटचं नाव, मेसेज, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. पुढे हेल्पलाइनला लिहायचं झालं तर "साईट चालत नव्हती" यापेक्षा "अमुक वाजता ५०३ आला" याला वजन असतं.
(आ) सारखं रिफ्रेश करू नका. प्रत्येक रिफ्रेश म्हणजे रांगेत आणखी एक माणूस. दहा-पंधरा मिनिटांनी, किंवा पहाटे गर्दी कमी असताना प्रयत्न करा.
(इ) पैसे कापले गेले पण पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी बँकेचा मेसेज आणि साईटवरची व्यवहाराची स्थिती पाहा.
(ई) निकालासाठी मंडळ एकापेक्षा जास्त अधिकृत साईट्स जाहीर करतं, डिजिलॉकरचाही पर्याय असतो. एक अडली तर दुसरी.
(उ) फॉरवर्ड आलेल्या "नवीन लिंक"वर जाऊ नका. 'जीओव्ही डॉट इन' आणि 'एनआयसी डॉट इन' असे शेवट सरकारी संस्थांनाच मिळतात. नाव शेवटून वाचायची सवय लावा. नावात मध्येच 'जीओव्ही' आहे आणि शेवट 'डॉट कॉम' आहे, तर ती सरकारी साईट नाही.
(ऊ) फसवणुकीत पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा.

१०. वर्गात करून पाहा

पाच मुलं उभी करा : वाचक, डिरेक्टरी, रस्ता, सर्व्हर आणि माहितीचं कपाट. वाचकाने चिठ्ठी लिहून एक पान मागायचं. चिठ्ठी हातोहात जाते, उत्तर परत येतं. आता एकेका मुलाला गुपचूप "तू गप्प बस" असं सांगा. उत्तर का आलं नाही, हे बाकी वर्गाने प्रश्न विचारून ओळखायचं. पाचवीपासूनची मुलं हे सहज करतात. मग फळ्यावर विचारा : ४०४ आला तर कोण जागं होतं? कपाट गप्प बसलं तर कोणता आकडा येईल? पंधरा-वीस मिनिटांचा खेळ आहे, खर्च शून्य.

थोडक्यात

आधी दुसरी साईट, मग दुसरं नेट, मग मेसेजमधला आकडा, मग बाहेरची तपासणी. एवढ्या चार पायऱ्या चढल्यावरच "साईट बंद आहे" म्हणायचं, आणि म्हणताना "कुणासाठी" तेही सांगायचं. ग्रुपवर "सर्व्हर डाऊन" असं लिहिण्याऐवजी "दोन कंपन्यांच्या नेटवर पाहिलं, ५०३ येतोय, थांबूया" असं एकाने जरी लिहिलं, तरी पन्नास पालकांचा जीव भांड्यात पडेल आणि खोट्या लिंकवर जाणारा एखादा हात वेळीच थांबेल.